एचडी भाऊ

चांदूर रेल्वेत प्रत्येक वेटाळात एक तरी एचडी भाऊ सापडतोच. घरची तूर-सोयाबीन बाप पाहतो, हा व्हिडिओ पाहतो. पाहतो म्हणजे त्यातली गोष्ट नव्हे. व्हिडिओ अडखळतो का, एवढंच. २०१६ साली ‘सैराट’ पाहून अख्खा महाराष्ट्र सुन्न झाला. भाऊ म्हणाला, “पिक्चर मस्त हाय, एक फ्रेम नाई गळली. पण शेवटी आवाजच बंद झाला ना! मले वाटलं, साऊंडचा ड्रायव्हर उडाला. काढून पुन्हा टाकला, तरी तेच!”

त्याच्या कम्प्युटरच्या डब्याला झाकण नसतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकला की घरातल्या एकुलत्या एक कुलरचं तोंड आजीकडून डब्याकडे वळतं. प्रोसेसर फार तापला की आपला वेग आपणच कमी करतो, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. आजीचं उलटं असतं; ती तापली की वेग वाढतो.

मागे शेजारचे काका लेकीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन आले. शूटिंग फोर-के, ड्रोनसकट. वेटाळ जमलं. आवाजात मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, पंगतीत ‘बुंदी घ्या, बुंदी’ सुरू झालं. चित्रात मात्र अंतरपाट धरलेलाच. काकू घाबऱ्या झाल्या. “लगन लागलं होतं ना वो आपल्या पोरीचं?”

भाऊने व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबलं, हरवलेल्या फ्रेमांचा आकडा पाहिला आणि डॉक्टरी चेहरा केला. “एच.२६५ हाय, काका.”

काकांचा चेहरा उतरला. पुढे जे व्याख्यान झालं ते थोडक्यात असं: फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे पाच कोटींवर ठिपके. फोर-केत त्याच्या चौपट. एवढं पेनड्राइव्हवर मावणार कसं? म्हणून दाबून भरतात. २००३ च्या एच.२६४ पेक्षा २०१३ च्या एच.२६५ मध्ये फाईल जवळपास निम्मी होते, पण उलगडायला कष्ट जास्त. नव्या चिपांत त्यासाठी वेगळी सोय असते. भाऊचा कोअर टू ड्युओ त्या पद्धतीच्या आधी जन्मलेला. सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. आवाज हलका, तो पुढे निघून जातो. चित्र मागे राहतं.

“म्हंजे पोरगी नांदाले गेली ना?” काकांनी विचारलं.

रात्री भाऊने फाईल फुल एचडी, एच.२६४ मध्ये बदलायला लावली. पहाटे, काम संपत आलं असतानाच लाईन गेली. दुसऱ्या रात्रीही गेली. अखेर एकदाचं काम झालं आणि अंतरपाट वेळेवर खाली आला. काकू रडल्या, काका रडले. भाऊचेही डोळे भरून आले, पण ते हरवलेल्या फ्रेमांपुढचं शून्य पाहून.

लोक म्हणतात, नवा कम्प्युटर का घेत नाही? तो घेणार नाही. नव्या मशीनवर सगळं आपोआप चालतं, मग भाऊने करायचं काय?

तुमच्या घरी लग्न निघालं असेल तर शूटिंगवाल्याला इसार देतानाच बजावा: फोर-के हौसेनं करा, पण एक प्रत फुल एचडी, एच.२६४ मध्ये द्या. भाऊला मात्र हे कळू देऊ नका. बिचारा बेकार होईल.