सौजन्य : वर्धा रोडवरील एनए प्लॉट

माझं पुस्तक मोबाइलवर फुकट द्यायचं ठरवलं, त्यात औदार्याचा भाग थोडाच होता. छापील आवृत्तीचे गठ्ठे दिवाणाखाली पडून आहेत आणि त्यांच्यामुळे झाडू मारता येत नाही, हे घरातून पाहुण्यांनाही सांगितलं जाऊ लागलं होतं. म्हणून ई-बुक. वाचकाला मोफत, खर्च जाहिरातदाराचा. गावात पाणपोई बांधल्याच्या थाटात मी टपरीवर मिरवू लागलो.

पहिला जाहिरातदार अर्थातच लेआउटवाला. नागपूरजवळ बुटीबोरीला एमआयडीसी आल्यापासून वर्धा रोडवर बारमाही पीक एकच, प्लॉटचं. "देतो नं जी जाहिरात," तो म्हणाला. "फक्त तुमच्या हिरोले आपल्या लेआउटमंदी ऱ्हाऊ द्या. आन् शेवटी मारू नोका त्याले, प्लॉट अपशकुनी दिसते." मुखपृष्ठावर त्याचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता. साहित्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून मी ठाम राहिलो आणि दोन्ही फोटो सारखे करून घेतले. नायकही जगवला.

आता जाहिरातीवर पोसलेलं वाचन मराठी माणसाला नवं नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून आपली दिवाळी साहित्य आणि जाहिराती एकाच ताटात वाढते. आणि इथे मला जरा भरकटू द्या, कारण दिवाळी अंकात मी आधी जाहिराती वाचतो. कथा नंतर, कधी राहूनही जातात. सहकारी बँकेच्या पानभर शुभेच्छा, खाली अध्यक्षांपासून तज्ज्ञ संचालकांपर्यंत उतरती भाजणी. पुढल्या वर्षी त्यातलं एखादं नाव गळलं की अंकातल्या कादंबरीपेक्षा मोठी कादंबरी कळते. 'उर्वरित भाग पान ११२ वर' असं सांगून कथा नायिकेला जिन्यात उभी करते. तिच्यापर्यंत पोचताना वाटेत गृहकर्ज, केसतेल, सुकामेवा आणि एक ज्योतिषी लागतो. तोवर आपला राग शांत होतो, कधी कधी नायिकेचाही. पण ती जाहिरात सभ्य असायची. आपल्या पानावर गप्प बसायची. मोबाइलवरची वाक्याच्या मधोमध उगवते, आणि ती बंद करायची फुली माझ्या बोटाला कधीच सापडत नाही. प्लॉट मात्र दर वेळी बुक होऊ लागतो.

जाहिरातीशिवायही लोक पुस्तकं मोफत देतात. ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं मराठी पुस्तकांच्या पीडीएफ वाटतं आणि मोबदल्यात वाचकाची फक्त तीन मिनिटं मागतं, त्यातलं एक लेखकाला फोन करायला. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी तर कायदाच पुस्तक मोकळं करतो. नागपूरच्या पलीकडे, सावनेरला १९१९ साली गेलेले नाटककार राम गणेश गडकरी आज कुणालाही मोफत वाचता येतात. त्यांच्या 'एकच प्याला'ला जाहिरातदार मिळणंही सोपं. दारूची जाहिरात चालत नाही, पण सोड्याची चालते.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. वाचकाचं बोट कुठल्या जाहिरातीवर थबकलं, ते जाहिरातवाल्यांना क्षणात कळतं. कुठल्या ओळीवर थबकलं, ते मला कोण सांगणार?

सांगितलं ते एका पोरानं. गोंदियाकडचा, कंत्राटी कामगार. रात्रपाळीआधी टपरीवर चहा थंड करत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "काकाजी, तुमच्या पुस्तकातला तो म्हातारा लय भारी हाय. माह्या आज्यासारखाच भांडते." मी फुगलो. "पन हे प्लॉट कितीले हायेत जी?" मी भाव सांगितला. तो हसला आणि पुन्हा वाचू लागला. पुस्तकाच्या दुकानासाठी त्याला सीताबर्डी गाठावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी तो झोपतो. माझं छापील पुस्तक त्याच्या हाती कधीच पडलं नसतं, आणि दिवाणाखालच्या गठ्ठ्यांइतकीच ही गोष्टही खरी आहे. त्या रात्री लेआउटवाल्याचा फोटो थोडा मोठा झाला असता, तरी मी चालवून घेतला असता.

तर मंडळी, पुस्तक मोफत आहे. मागा, पाठवतो. वाचून झाल्यावर फोन जरूर करा, शिव्या द्यायला केलात तरी चालेल. प्लॉटच्या चौकशीसाठी मात्र दुसरा नंबर दिलेला आहे, दर तिसऱ्या पानावर.