तुमची कितीची?

लोअर परळच्या कुठल्याही ऑफिसात संध्याकाळी साडेसहाला मीटिंग रंगात आली की एक माणूस उठतो. सॅक पुढे छातीवर अडकवतो आणि म्हणतो, "सर, माझी विरार आहे." सर मान डोलावतात. याच सरांनी मुलीच्या स्नेहसंमेलनासाठी मागितलेल्या अर्ध्या दिवसाला 'बघू' म्हटलेलं असतं. पण विरार फास्टपुढे त्यांचंही काही चालत नाही. मागोमाग डोंबिवली उठते, मग बदलापूर. कसारावाला केव्हाच गेलेला असतो. तो कधी गेला हे कुणी विचारतसुद्धा नाही. शेवटी खोलीत एसी, प्रोजेक्टर, सर आणि मी उरतो.

"तुमचं काय बुवा, तुम्ही परळला राहता! चालत जाल."

घर ऑफिसच्या जवळ असावं, म्हणजे प्रवासाचे तास वाचतात आणि ते घरच्यांना देता येतात, असं रविवारच्या पुरवण्यांतून आपण वाचत आलो. तास वाचतात, यात खोटं काहीच नाही. अडचण एवढीच की ते वाचल्याची खबर घरच्यांच्या आधी ऑफिसला लागते. मुंबईत कामगार कायदे पुष्कळ झाले. पण साहेबाने खरोखर मानलेला कायदा एकच, लोकलचं टाइमटेबल. ज्याला गाडी पकडायची आहे त्याला खासगी आयुष्य आहे. 'तुमची कितीची?' या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, तो चोवीस तास ड्युटीवर.

उशिरा येण्याचंही तसंच. ओव्हरहेड वायर तुटली, सिग्नल गेला, कुर्ल्याला पाणी भरलं: यातलं एकही कारण मला वापरता येत नाही. पावसाने शहर बुडालं की डोंबिवलीकर घरी भजी तळतो आणि मला फोन येतो, "तुम्ही जवळ आहात, जरा सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलंय का बघून या." नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज त्या सुट्टीचं रक्षण करणारी संघटना म्हणाल, तर मेगाब्लॉक. तो आहे म्हणून कल्याणच्या माणसाला रविवारी कुणी बोलवत नाही. माझ्यावर ब्लॉक घ्यायला रेल्वे तयार नाही.

नातेवाइकांचं वेगळं सांगायला नको. केईएम जवळ, टाटा जवळ. त्यामुळे साताऱ्यापासून सावंतवाडीपर्यंत कुणालाही काही झालं तरी डबा आमच्याकडचा. तो द्यायला हरकत नाही, माणुसकी आहे. पण डबा देऊन मी ऑफिसला परततो, हे त्यांनाही स्वाभाविक वाटतं.

आमचे आजोबासुद्धा गिरणीच्या जवळच राहत. दहा बाय बाराची खोली, छातीत कापसाची तूस, वर बदलीवाल्यांची रांग. त्यात रम्य काही नव्हतं. तरी एक गोष्ट होती. भोंगा झाला की पाळी सुरू आणि भोंगा झाला की पाळी संपली. सुटलेल्या माणसाला जॉबर भजनातून उठवून आणत नसे. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, त्याच जमिनींवर काचेची ऑफिसं उभी राहिली आणि भोंगा आमच्या खिशात आला. हा फक्त पाळी सुरू झाल्याचं सांगतो.

सरकारचं मात्र लक्ष आहे. गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं द्यायची तर कुठे, यावर बराच विचार होऊन शेलू आणि वांगणी ही नावं निघाली. कर्जतच्या वाटेवर, बदलापूरच्याही पुढे. लोक उगाच मोर्चे काढतात. ज्यांच्या आजोबांच्या घामावर परळ उभं राहिलं, त्यांना पकडायला एक गाडी असावी, हीच त्यामागची कळकळ असणार.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधला कामाचा दिवस 9 तासांवरून 10 तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. सहकारी संतापले. मला खरं तर बरं वाटलं. निदान वरचा आकडा तरी कुणी लिहून ठेवला. त्याआधी 2018 मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं: कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क. तो हक्क संसदेनेच सर्वांआधी बजावला. विधेयक उचललंच नाही.

भुयारी मेट्रो आली तेव्हा धास्ती वाटली, कारण ती थंडगार आणि वेळेवर येते. म्हणजे आता बाकीच्यांचीही सबब जाणार. 26 मे 2025 ला नव्याकोऱ्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पावसाचं पाणी शिरलं तेव्हा जरा धीर आला. पुढे तेही दुरुस्त झालं.

आणि मग, कुठल्या जन्मीचं पुण्य कोण जाणे, एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. शंभरी ओलांडलेला, परळ पूर्वेला पश्चिमेशी जोडणारा. शिवडी-वरळी मार्गासाठी तो पाडून नवा बांधायचा, म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये वाहतूक थांबली आणि गाड्यांना टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडू लागला. त्या दिवसापासून मीही सहाला उठतो, सॅक पुढे घेतो आणि म्हणतो, "सर, पूल आहे." सर हळहळतात. स्वतः ते गाडीने येतात, करी रोडला रोज अडकतात, त्यामुळे पुलाचं दुःख त्यांना नीट कळतं. रेल्वेचा पादचारी पूल उतरून परळचा माणूस पायी घरी जाऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. नव्या पुलाचं काम रेंगाळल्याबद्दल पत्रं लिहिणाऱ्या जागरूक नागरिकांनाही माझी हात जोडून विनंती आहे, जरा सबुरीने घ्या.