आता फक्त स्टिअरिंग राहिलं

होंडाची गोल्डविंग 1975 मध्ये अमेरिकेत उतरली, तेव्हा ती मोटरसायकलच होती. जरा दांडगी, चार सिलिंडरची, 999 सीसीची, पण मोटरसायकल. मग तिला रेडिओ आला, डिकी आली. 1988च्या मॉडेलला सहा सिलिंडर आले आणि त्यांच्या जोडीला रिव्हर्स गिअर, कारण एवढं धूड पायांनी मागं ढकलायला स्वारासोबत पैलवान द्यावा लागला असता. 2006 मध्ये एअरबॅगही आली. 2001 ते 2017 या काळातल्या गोल्डविंगचं इंजिन 1832 सीसीचं आणि वजन चारशे किलोंच्या वर. आपली मारुती 800 तीन सिलिंडर आणि 796 सीसीच्या जोरावर पाच माणसं, दोन पिशव्या आणि लोणच्याची बरणी घेऊन कोकणात जाऊन यायची, हे जाता जाता आठवलं म्हणून सांगितलं.

तर या बाईकमध्ये कारचं बहुतेक सगळं आलं होतं. राहिली होती ती चाकं. ती उणीव अमेरिकेतल्या काही स्वारांनी स्वतःच्या हातानं भरून काढली. मागच्या चाकाचा मोटरसायकलचा टायर काढायचा आणि तिथं सरळ कारचा बसवायचा! ही मंडळी स्वतःला ‘डार्कसायडर’ म्हणवतात. ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक जसा काळ्या बाजूला गेला, तसे हे गेले. टायर बदलला असं ते म्हणत नाहीत, ‘काळ्या बाजूला गेलो’ म्हणतात. पंथ म्हटला की दीक्षा आलीच.

दीक्षेचा मंत्र टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. कंपनीचा मागचा टायर 180/60 आर 16, त्यापुढं 74. हा 74 म्हणजे 375 किलो भार. पंथाचा लाडका टायर 195/55 आर 16, त्यापुढं 87 असेल तर 545 किलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी वरच्या मॉडेलची बलेनो उभी असेल तर खाली वाकून बघा, हाच आकार दिसेल. पंथाचा सवाल बिनतोड वाटतो: एक टायर 375 किलो पेलतो, दुसरा 545, मग धोकादायक कोणता?

खरं कारण मात्र खिशात आहे. एवढ्या वजनाखाली मोटरसायकलचा मागचा टायर पंधरा-वीस हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होतो. कारचा त्याच्या दुप्पट-तिप्पट चालतो, असं हे स्वार सांगतात, आणि किमतीलाही स्वस्त पडतो. यातल्या अनेकांना चोवीस तासांत हजार मैल तोडण्याचा षोक असतो. तिकडं ‘आयर्न बट’ नावाची संस्था त्याचं रीतसर प्रमाणपत्र देते. हजार मैल म्हणजे जवळपास मुंबई-नागपूर जाऊन येणं, एका दिवसात. संस्थेचं नाव शरीराच्या कोणत्या अवयवावरून पडलं, ते सांगायला नको. लाखो रुपयांची गाडी घेणारा हा भक्त टायरमागं शे-दीडशे डॉलर वाचले की लग्नात आहेराचं पाकीट परत मिळाल्यासारखा खूश होतो.

अडचण एकच. मोटरसायकल झुकते.

कार वळते तेव्हा तिचा टायर जमिनीवर बसूनच राहतो, म्हणून तो चपटा, पाटासारखा. मोटरसायकल वळणावर अंग टाकते, म्हणून तिचा टायर गोल. जसजशी झुकेल तसतसा नवा भाग रस्त्याला लागतो. पाट तिरका केला की तो कडेवर उभा राहतो आणि सारखा सपाट व्हायला बघतो. म्हणून डार्कसायडरला वळणभर हँडल दाबून धरावं लागतं. रस्त्यावर चाकोरी असेल तर टायर तिच्याच नादानं चालतो. ‘सवय होते’, असं सगळे सांगतात. सासुरवाशिणीलाही हेच सांगायचे.

बसवण्याचा सोहळा वेगळाच. कारच्या टायरची कड आणि मोटरसायकलच्या रिमची खाच एकमेकींसाठी घडवलेल्या नसतात. टायर नीट न बसता रिमवरून निसटू शकतो, म्हणून कारचा टायर लावू नका, असं होंडाच्या पुस्तिकांत छापलेलं असतं. टायर कंपन्याही तेच बजावतात. शोरूमवाले कोर्टाच्या भीतीनं हात लावत नाहीत. मग गॅरेजमध्ये टामी घेऊन स्वतःच भिडायचं. कडेला साबणाचं पाणी लावायचं, हवा मारत सुटायचं, काटा नेहमीची खूण ओलांडून जातो, बायको आतून हाक मारते, आणि मग ‘फट्ट’! कड बसली. पुन्हा ‘फट्ट’. दुसरीही बसली. भक्ताच्या चेहऱ्यावर सत्यनारायण पार पडल्याचं समाधान.

न्यायासाठी सांगायला हवं, साइडकार जोडलेल्या मोटरसायकलला कारचा टायर लावणं ही जुनी आणि शहाणी रीत आहे. ती गाडी झुकतच नाही. आपल्याकडं ऊस वाहणाऱ्या टायरगाडीला मोटारीचे टायर असतात, ते बैलांनीही कधी हरकत न घेता ओढले. पण बैल वळणावर अंग टाकत नाही.

पुरावा विचारला तर भक्त म्हणतो, ‘साठ हजार मैल झाले, मी जिवंत आहे.’ हा युक्तिवाद खोडता येत नाही, कारण ज्याला तो खोडता आला असता तो बोलायला उरलेला नसतो. विरोधकही काही कमी नाहीत. त्यांतल्या बहुतेकांनी असा टायर बसवलेला नाही, चालवलेला नाही, पण तो पहिल्याच वळणावर दगा देणार हे त्यांना कुंडली मांडल्यासारखं ठाऊक असतं.

नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ नावाचा रस्ता आहे. 11 मैल, 318 वळणं. आमच्या टायरनं ही सगळी वळणं घेतली, हे दाखवायला डार्कसायडर तिथं जातात आणि व्हिडिओ काढतात. त्याच रस्त्याच्या टोकाला, डील्स गॅपला, ‘ट्री ऑफ शेम’ म्हणून एक झाड आहे. वळण चुकलेल्या गाड्यांचे तुटलेले मडगार्ड, आरसे, फायबरचे तुकडे त्यावर नवसाच्या बाहुल्यांसारखे लटकतात. त्यातल्या कोणत्या तुकड्यामागं गोल टायर होता आणि कोणत्यामागं चपटा, हे झाडावर कुठं लिहिलेलं नाही. तिथं थांबून दोन्ही पंथांचे लोक फोटो काढतात.