टोमॅटोचा प्रयोग: पालकांसाठी मार्गदर्शिका

‘खाऱ्या पाण्याचा रोपांवर होणारा परिणाम अभ्यासा. टोमॅटोची रोपे वापरा.’ शाळेतून ही सूचना येते ती नेमकी श्रावणात. मालवणात खारे पाणी दाराशीच, तेव्हा अर्धा प्रयोग झालाच, असे समजून पालक निर्धास्त होतात. पुढील सूचना उरलेल्या अर्ध्यासाठी आहेत.

बी दुकानातून पाकिटातले आणावे. भाजीतल्या टोमॅटोचे फुकट मिळते हे खरे, पण तो टोमॅटो बहुधा संकरित असतो आणि घाट उतरून आलेला असतो; त्याची पोरे एकसारखी निघतील याची हमी नाही. शिवाय बियांभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखून धरतो. तो काढायला गर एक-दोन दिवस आंबवावा लागतो. आंबवायला ठेवलेली वाटी आपल्या घरात कोणी सारात ओतणार नाही, अशी ज्याची खात्री असेल त्यानेच या भानगडीत पडावे.

बियांच्या चिवटपणाविषयी मात्र शंका नको. १९८४ साली ‘नासा’ने टोमॅटोच्या सव्वा कोटी बिया उपग्रहातून अवकाशात पाठवल्या, १९९० मध्ये परत आणल्या आणि शाळाशाळांतून वाटल्या. मुलांनी पेरल्या, त्या उगवल्या. अर्थात, तिकडे वर त्यांना कोणी येता-जाता पाणी घालत नव्हते.

जांभ्याची तांबडी माती नुसती वापरू नये. ती आम्लधर्मी; पावसात चिखल होते, उघडीप मिळाली की वर कवच धरते. एक भाग माती, एक भाग नदीची वाळू, एक भाग चाळलेले जुने शेणखत घ्यावे. ‘नदीची’ हा शब्द शोभेसाठी लिहिलेला नाही. जवळ पडते म्हणून चिवल्याच्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणलीत, तर मीठ आणि शिंपल्यांचा चुरा दोन्ही आयते आले. मग गोड्या पाण्यावरची रोपेही खारीच. कुंडीला करवंटी उत्तम. डोळ्यांकडचा अर्धा भाग घ्यावा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने उघडला की पाणी निचरायची सोय झाली.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. आठवडाभरात दोन लांबट, साधी पाने वर येतात. ही बीजपत्रे. कातरलेल्या कडांची खरी पाने मागून येतात. मधल्या काळात ‘हे टोमॅटो नव्हे, तण आहे’ असे म्हणून उपटून देणारा परोपकारी शेजारी प्रत्येक वाडीत असतो. करवंट्यांवर पाटी लावावी.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली आणि रोप तहानलेले, असा प्रकार होतो. म्हणून तीन गट करावेत: पहिल्याला नुसते विहिरीचे पाणी, दुसऱ्याला नऊ वाट्या विहिरीच्या पाण्यात एक वाटी समुद्राचे, तिसऱ्याला नुसते समुद्राचे. ते दांडीच्या किनाऱ्यावरून आणावे. खाडीचे नको, पावसाळ्यात ते पातळ होते.

इथवर विज्ञान. पुढे घरातली माणसे.

आजी विचारते, “माडाक मीठ घालतत मां, मगे हेका कित्याक नको?” प्रश्न रास्त आहे. माड खारवट जमीन सोसतो, टोमॅटो सोसत नाही. पण हे आजीला पटेपर्यंत पहिल्या गटात चिमूटभर मीठ पडलेले असते. काकीला तिसऱ्या गटातली मान टाकलेली रोपे बघवत नाहीत; ती गुपचूप तांब्याभर विहिरीचे घालते. उरलेली चार माणसे पहिल्या गटाला आपापले पाणी घालतात. अति ओलीने बुरशी धरते, देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि उभे रोप रातोरात आडवे पडते. प्रयोगवहीत निष्कर्ष उतरतो: गोडे पाणी टोमॅटोला घातक, खारे उपकारक.

म्हणून तांब्या एकाच माणसाच्या ताब्यात द्यावा. वहीत रोजच्या उंचीशेजारी आणखी एक रकाना आखावा: ‘आज कोणी काय घातले’. सबंध तक्त्यात भरवशाचा रकाना तेवढाच. चतुर्थीला मुंबईकर उतरले की तोही पुरत नाही, जोडपान लावावे.

शिक्षकांना विनंती एकच. कोकणात टोमॅटो पाऊस ओसरल्यावर लावतात, तर हा प्रयोगही दिवाळीच्या सुट्टीनंतर द्यावा. तेव्हा हवा कोरडी असते आणि चाकरमानीही परत गेलेले असतात.