साहेब नवे, गाद्या जुन्या

आमच्या परसदाराच्या भिंतीला लागून मुलांचं शासकीय वसतिगृह आहे. इमारत भाड्याची. पूर्वी तिथे मंगल कार्यालय होतं. कमानीवर चुन्याचे तीन हात मारून झाले, तरी पावसाळ्यात भिंतीने ओल धरली की 'शुभविवाह' ही अक्षरं पुन्हा वर येतात. नवरा-नवरी बसायचे त्या स्टेजवर आता मुलं अभ्यासाला बसतात आणि वधूपक्षाच्या खोलीत गृहपालांचं कार्यालय आहे. मी तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. निवृत्त कारकुनाकडे दोन गोष्टी मुबलक असतात, वेळ आणि जुने जीआर. त्यामुळे या वसतिगृहात आलेला प्रत्येक नवा गृहपाल महिन्याभरात माझ्या ओट्यावर येऊन टेकतोच. आजवर चार टेकले. चेहरे निराळे, कहाणी एक. म्हणून एकाचं सांगितलं की चौघांचं सांगून होतं.

हा प्राणी साधारण पंचवीस वर्षांचा असतो. पदवी हातात पडल्यावर चार वर्षं त्याने पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर काढलेली असतात. या काळात त्याने मेसचा डबा, अभ्यासिकेतली खुर्ची आणि राज्यघटना या तीन गोष्टींवर दिवस ढकललेले असतात. मग कधीतरी जाहिरात येते. २०२४ साली समाजकल्याण खात्याने २१९ जागा काढल्या, त्यांत ६१ सर्वसाधारण गृहपालांच्या आणि ९२ महिला गृहपालांच्या. असले आकडे माझ्या-तुमच्या ध्यानात राहायचे नाहीत. त्याच्या राहतात, कारण त्या एकसष्टांतून आरक्षण, समांतर आरक्षण आणि शेजारच्या खुर्चीवरचा हुशार पोरगा वजा जाता आपल्या वाट्याला किती उरतात, हे गणित त्याने वहीच्या मागच्या पानावर शंभरदा मांडलेलं असतं.

निवड झाली की गावात फ्लेक्स लागतो. त्यावर 'समाजकल्याण अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल' असं असतं. पद गट क चं आहे, नाव गृहपाल आहे, हे फ्लेक्सवाल्याला सांगून उपयोग नसतो. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर 'गृहपाल' एवढंच लिहिलं तर बाकीच्या जागेचं करायचं काय, हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. घरी आईचा निराळाच.

"गृहपाल म्हणजे रे काय?"

"वसतिगृह सांभाळायचं."

"म्हणजे वॉचमन?"

"नाही गं, साहेब."

"मग साहेब असून सांभाळत कशाला बसायचं?"

या प्रश्नाचं उत्तर त्याला तेव्हा सुचत नाही. पुढे पाण्याची मोटर रात्री दोन वाजता जळते तेव्हा तो प्रश्न मात्र शब्दन् शब्द आठवतो.

रुजू झाल्याच्या पहिल्या रात्री तो मुलांना स्टेजसमोर बसवून भाषण करतो. चारही जणांचं भाषण मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे आणि मला ते आता पाठ आहे. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या मुलांसाठी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा मोडलं. घटनेचं ४६ वं कलम दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितासाठी आहे आणि आपण सगळे, मित्रांनो, त्या कलमात राहतो. एवढं बोलून आवाज भरून येतो. मग "काही शंका?" मागच्या रांगेतून एक हात वर होतो.

"सर, गिझर कधी दुरुस्त होणार?"

बिचाऱ्याची परीक्षा झालेली असते बहुपर्यायी. इथे पर्याय दिलेले नसतात. टाकीचंच घ्या. दोन नळांनी टाकी भरते, तिसऱ्याने रिकामी होते, तर पूर्ण भरायला किती वेळ लागेल, हे गणित तो तीस सेकंदांत सोडवून निवडून आलेला. आमच्या गावात नळाला पाणी चौथ्या दिवशी. त्या गणितात चौथा दिवस नव्हता, टँकरवाला नव्हता, आणि टँकरवाल्याचं मागचं बिल थकल्यामुळे तो फोन उचलत नाही ही अट तर नव्हतीच. पहिल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी स्वतः गच्चीवर चढून टाकीत डोकावून पाहिलं. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "काका, तिसरा नळ सापडला. टाकीला भोक आहे."

पण खरी दीक्षा मिळते ती गाद्यांनी.

आधीच्या गृहपालाकडे तीन वसतिगृहांचा अतिरिक्त कार्यभार होता. त्याने डेड स्टॉक रजिस्टर उघडून पुढे केलं आणि म्हणाला, "सही करा, बाकीचं समजून घेऊ." सरकारी नोकरीत 'समजून घेऊ' म्हटलं की समजायचं, काहीतरी कमी आहे. आमच्या साहेबांनी सही केली नाही. तीन दिवस बसून मोजदाद केली. रजिस्टरला गाद्या १००, हाताला लागल्या ८३. उरलेल्या सतरांचा शोध त्यांनी ज्या जिद्दीने घेतला, तेवढ्या जिद्दीने कुणी आपल्या हरवलेल्या भावाचा घेतला नसेल. जुन्या शिपायाने अखेर सांगितलं, मागल्या निवडणुकीत मतदान पथकाच्या मुक्कामाला गाद्या गेल्या होत्या, मतपेट्या परत आल्या, गाद्या नाही आल्या. "मतपेट्या नाही मामा, मतदान यंत्रं," असं साहेबांनी दुरुस्त केलं. मामा म्हणाले, "जे काय असंल ते. त्याला पोलीस होता, गादीला नव्हता."

साहेबांनी तहसिलीला पत्र धाडलं. उत्तर आलं: 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.' हे उत्तर मी पाहिलं आणि मला भरून आलं. तो मसुदा माझाच. पंधरा वर्षांपूर्वी मीच घातलेला पायंडा अजून शाबूत होता.

त्यानंतर साहेब माझ्या ओट्यावर आले. उरलेल्या त्र्याऐंशीतल्या चाळीस गाद्यांचा नुसता कापूस राहिला होता, त्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. मी म्हटलं, निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा.

"निर्लेखन म्हणजे लिहिणं थांबवायचं?"

"उलट. लिहायला सुरुवात करायची. सरकारात गादी आपोआप मरत नाही. म्हाताऱ्या माणसाला निराधारचे पैसे चालू ठेवायला हयातीचा दाखला द्यावा लागतो ना? गादीचं उलटं आहे. तिला मृत्यूचा दाखला लागतो. तो मिळेपर्यंत ती कागदावर धडधाकट असते, आणि ती धडधाकट असेपर्यंत नवी मिळत नाही."

साहेब बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काका, हे कल्याणकारी राज्याच्या प्रकरणात नव्हतं."

जून उजाडला आणि २६ तारखेचं पत्र आलं. त्या दिवशी शाहू महाराजांची जयंती, म्हणजेच सामाजिक न्याय दिन. समता दिंडी निघते. वसतिगृहातून चाळीस मुलं फलकांसह हजर ठेवावीत, असा आदेश. वसतिगृहात त्या दिवशी मुलं होती तीन. बाकीची सुट्टीला गावी आणि नवे प्रवेश अजून व्हायचे. साहेब तत्त्वाचे. तिघांनाच घेऊन निघाले. गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलींचं वसतिगृह आहे, तिथल्या गृहपाल मॅडम यांच्याच बॅचच्या. त्यांच्याकडेही मुली चारच होत्या, पण दिंडीत त्यांच्या मागे साठ जणी होत्या. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला त्यांनी आदल्या दिवशीच स्कूटीवर जाऊन गाठलं होतं. मॅडमबद्दल खरं तर स्वतंत्रच लिहायला हवं. नियम समजायला त्यांनाही तेवढेच दिवस लागतात, पण माणसं समजायला चार मिनिटं.

हळूहळू आमच्या साहेबांची भाषा बदलू लागली. हे रुजल्याचं पहिलं लक्षण. सुरुवातीला 'वसतिगृहातील व्यायामशाळेची सद्यःस्थिती' असा तक्ता भरायला आला तेव्हा त्यांनी दोन पानं लिहिली होती. ग्रामीण तरुण, पोषण, व्यायामाचं महत्त्व, आणि शेवटी नम्र विनंती. तक्ता परत आला: रकाना एका ओळीचा आहे. सहा महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा आला, अतितात्काळ, आज पाचपर्यंत, आणि आला संध्याकाळी सहाला. या वेळी साहेबांनी एक शब्द लिहिला. 'निरंक.' मी पाठ थोपटली. आमच्या खात्यात हा शब्द मोत्यासारख्या अक्षरात काढता येणाऱ्याला कधी काही कमी पडत नाही. पोरगं आता घरीही तसंच बोलायला लागलं होतं. आईने फोनवर विचारलं, एखादी मुलगी बघून ठेवली आहेस का रे? तर म्हणालं, "माहिती निरंक."

एका बाबतीत मात्र सरकारने त्यांच्यावर अन्यायच केला. वसतिगृहात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक विद्यार्थी होता, वय सत्तावीस. म्हणजे साहेबांपेक्षा दोन वर्षांनी थोरला. मुलं त्याला नेते म्हणत. साहेबांना तो 'सर' म्हणायचा, पण असा, की म्हणून उपकार केल्यासारखं वाटावं. गंमत अशी की दोघंही राज्यसेवेचा अभ्यास करत होते. साहेबांनी नोकरी लागली तरी पुस्तकं बांधून ठेवली नव्हती, कुठलाच गृहपाल ठेवत नाही. चौघांतले दोघे पुढच्या परीक्षा देऊन इथून गेले. रात्री अकरानंतर स्टेजवर एकाच दिव्याखाली साहेब आणि नेते समोरासमोर बसायचे. राज्यपालांचे अधिकार निघाले की 'सर' गळून पडायचं. "अरे नाही रे, वटहुकूम वेगळा," असा आवाज मला झोपेत ऐकू यायचा. सकाळी नाश्त्याच्या रांगेत पुन्हा सर.

आणि त्या नाश्त्याच्या रांगेतच पुढे घोडं अडलं.

भोजनाच्या तक्त्यात सकाळी उकडलेलं अंडं, फळ, दूध असं असतं. ठेकेदाराचं तीन महिन्यांचं देयक थकलं. आधी फळ लहान झालं, मग दूध पातळ झालं. अंडं ना लहान करता येतं ना पातळ, म्हणून ते एक दिवस एकदम गेलं. साहेबांनी जिल्ह्याला अनुदान मागणीचं पत्र पाठवलं. मग स्मरणपत्र एक, दोन, तीन. उत्तर फोनवर: बीडीएसवर, म्हणजे अनुदान वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, तरतूद आलेली नाही. तरतूद कधी येईल? आल्यावर. मुलांना महिन्याला मिळणारा निर्वाह भत्ताही अडकलेला. तालुक्याच्या वसतिगृहात तो कित्येक वर्षं ५०० रुपयांवरच होता, पण ज्याच्या खिशात दुसरं काही नाही त्याला ५०० रुपये म्हणजे परीक्षेचा फॉर्म असतो. साहेबांनी स्वतःच्या पगारातून आठ दिवस अंडी आणली. नवव्या दिवशी मी म्हटलं, हे करू नका, सवय लागेल. "मुलांना?" "नाही, सरकारला."

त्याच रात्री नेते निवेदन घेऊन आले. विषय: गृहपालांचा मनमानी कारभार. मी तेव्हा साहेबांच्या कार्यालयात गादीची फाइल बघत बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

साहेबांनी निवेदन वाचलं. कपाळाला आठी पडली. म्हटलं, आता पोरगं भडकणार.

"हे काय लिहिलंय? 'भुकेच्या ज्वाळांनी पेटलेली मने'? ज्वाळेला आवक नंबर मिळत नाही. आणि विषयात 'मनमानी' कशाला? मनमानी म्हटलं की चौकशी लावतील, चौकशीला सहा महिने. 'देयक थकीत असल्याने आहार बंद झालेबाबत' असं लिही. संदर्भ एक, माझं पहिलं पत्र. संदर्भ दोन, तीन, चार, स्मरणपत्रं. तारखा घे." त्यांनी स्वतःची फाइल नेत्यांपुढे उघडून ठेवली. "आणि खाली प्रत. पुण्याला आयुक्तालयात एक, जिल्हाधिकाऱ्यांना एक."

"सर, पण हे तुमच्याविरुद्ध आहे."

"माहीत आहे. 'गृहपालांनी पाठपुरावा केला नाही' हे वाक्य राहू दे. त्याशिवाय कुणी वाचणार नाही."

नेते घुटमळले. मग खाली मान घालून तारखा उतरवू लागले. चाळीस वर्षं मी कारकुनी केली, पण माझ्याविरुद्धच्या अर्जाचं शुद्धलेखन मी कधी तपासून दिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी साहेब भिंतीवरून हाका मारत आले. हातात लिफाफा. "काका, आली! कारणे दाखवा आली!" दुसऱ्या कुणाला मुलगा झाला असता तर एवढा आनंद दिसला नसता. नोटीस दीड पानाची होती. कर्तव्यात कसूर, गांभीर्याचा अभाव, शिस्तभंगाची कार्यवाही का प्रस्तावित करू नये, तीन दिवसांत खुलासा. आणि शेवटच्या परिच्छेदात, अगदी कोपऱ्यात: अनुदानाची मागणी तात्काळ या कार्यालयास सादर करावी, तरतूद उपलब्ध आहे.

साहेबांनी चार वेळा गेलेली मागणी पाचव्यांदा पाठवली, त्याच मजकुराची, फक्त तारीख बदलून.

त्या रात्री स्टेजवरचा दिवा जरा उशिरापर्यंत होता. मी भिंतीवरून डोकावलो. राज्यपाल बाजूला पडले होते. नेते मांडी ठोकून खुलासा लिहीत होते आणि साहेब सांगत होते, "'नम्र' एकदाच लिही, दोनदा लिहिलं की चूक कबूल केल्यासारखं वाटतं." पाठीमागे नुकत्याच बदललेल्या दोन गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या, निर्लेखनाच्या चिठ्ठ्या अजून त्यांना चिकटलेल्या. नेत्यांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, "सर, अंडी सोमवारपासून ना?"

"ठेकेदार मंगळवार म्हणतो," साहेब म्हणाले, "पण त्याच्या विरुद्धही एक मसुदा करून ठेवू."