कृष्णराज महाराजांस अनावृत पत्र

प्रति,
राष्ट्रकूट सम्राट कृष्णराज (पहिले),
मु. पो. वेरूळ, लेणे क्रमांक १६,
जिल्हा छत्रपती संभाजीनगर.

विषय : आपल्या कैलास लेण्यामुळे आमच्या सहलीचे वेळापत्रक कोलमडल्याबाबत.

महाराज,

सादर प्रणाम. आमच्या सोसायटीच्या सहल समितीचा चिटणीस या नात्याने, समितीच्या ठरावानुसार हा तक्रार अर्ज आपल्या चरणी सादर करीत आहे. आपण इ.स. ७५६ ते ७७३ एवढेच राज्य केलेत आणि त्यातही बराच काळ चालुक्यांचा बंदोबस्त करण्यात गेला. पर्यटकांच्या सोयींकडे लक्ष द्यायला आपल्याला सवड मिळाली नसणार, हे समिती समजून घेते. तरीही काही गोष्टी आपल्या कानावर घालणे भाग आहे.

आमचा कार्यक्रम नेटका होता. सकाळी शहरातून टेम्पो ट्रॅव्हलर निघणार, दौलताबादचा किल्ला चालत्या गाडीतून बघायचा, खुलदाबादला भद्रा मारुती, वेरूळला घृष्णेश्वर, मग जेवण, मग लेणी, परतताना हिमरू शालींचे दुकान आणि दिवस मावळायच्या आत बीबी का मकबरा. यात लेण्यांच्या वाट्याला पाऊण तास दिला होता. वेरूळची लेणी चौतीस, म्हणजे एका लेण्याला सव्वा मिनिटाच्या वर वेळ पडतो. समितीने हात आखडता घेतला, असे कोणी म्हणू शकणार नाही. हिमरू शालींना दीड तास दिला होता, पण तिथे घासाघीस करावी लागते.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार कामाच्या पद्धतीची. आमच्याकडे काम खालून वर जाते. आधी नारळ फुटतो, मग फलक लागतो, मग पाया खणला जातो आणि बहुतेकदा काम तिथेच विसावते. आपण डोंगराच्या माथ्यावर चढून सुरुवात केलीत. तीन बाजूंनी खोल चर मारून मधला कातळ सुटा केलात आणि त्यातून कळस, शिखर, मंडप, हत्तींचे जोते असे देऊळ वरून खाली उतरवत आणलेत. बांधलेल्या भिंतीत चूक झाली तर वीट काढून दुसरी बसवता येते. इथे छिन्नी एक बोट जास्त आत गेली असती तर हत्तीचा कान कुठून आणला असता? एवढी जोखीम पत्करणारी निविदा आमच्याकडे कोणी भरली नसती.

मागे जे उरले ते अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे, पाठीमागची कातळाची भिंत तीस मीटरहून उंच आहे. बाहेर काढलेला दगड दोन लाख टनांच्या आसपास असावा, असा अंदाज सांगितला जातो. आमच्यातले एक काका बांधकाम व्यवसायात आहेत. अंगणात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्यांनी एकच प्रश्न लावून धरला : एवढा राडारोडा टाकला कुठे आणि परवानगी कोणाची घेतली? यावर खुलासा अपेक्षित आहे.

दुसरी तक्रार जेवणाबद्दल. 'कथाकल्पतरू'त कृष्ण याज्ञवल्कीने एक गोष्ट सांगितली आहे. राजा आजारी पडला तेव्हा राणीने घृष्णेश्वराला नवस केला : राजा बरा होऊ दे, मी शिवाचे देऊळ उभारीन आणि त्याचा कळस डोळ्यांनी बघेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला आणि पंचाईत झाली. कळसापर्यंत पोचायला वर्षे लागणार आणि राणी उपाशी. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे झाला, त्याने वरूनच खोदायला घेतले आणि आठवड्याभरात राणीला कळस दाखवला. इतिहासाच्या कसोटीला ही गोष्ट उतरत नाही, पण देऊळ वरून खाली का खोदले, याचे उत्तर लोकांनी आपल्या परीने शोधले होते, एवढे तिच्यातून कळते. राणीने कळस दिसेपर्यंत जेवण सोडले. आमच्या मंडळींनी जेवण होईपर्यंत कळस सोडला. थाळी उशिरा आली, दुसऱ्यांदा पापड मागवले गेले, ताकावरून वाद झाला आणि पाऊण तासातली वीस मिनिटे तिथेच खर्ची पडली. राणी आमच्या सहलीत असती तर देऊळ खालून वर बांधूनही चालले असते.

तिसरी तक्रार मजुरांच्या नावांबद्दल. आमच्या जावईबापूंनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आहे. त्यानुसार आपले लेणे परग्रहावरून आलेल्या मंडळींनी किरणांच्या यंत्राने कापले. त्यांचे म्हणणे असे की आपल्या लोकांना हे जमणेच शक्य नाही. ज्या भिंतीला पाठ टेकून ते हे सांगत होते, तिच्यावर छिन्नीचे घाव अजून स्पष्ट दिसतात. परग्रहवासी छिन्नी वापरत असतील, तर त्यांना हातोडाही लागत असणार. हा मुद्दा मी मांडला, पण तोवर जावईबापू व्हिडिओचा दुसरा भाग शोधू लागले होते.

इथे दोष थोडा आपलाही आहे. कारागिरांची नावे दगडात कोरून ठेवली असतीत, तर हा प्रश्न आला नसता. आपल्याच कुळातल्या कर्कराजाचा इ.स. ८१२-१३चा ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात एलापूरच्या डोंगरावरच्या एका देवळाचे वर्णन आहे आणि अभ्यासक ते आपल्याच लेण्याचे मानतात. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, हे माणसाच्या हातचे नव्हे असे त्यांना वाटते. आणि ज्याने ते घडवले तो शिल्पीसुद्धा, हे आपल्याकडून कसे झाले, असे म्हणत चकित होतो. पुन्हा असे काही आपल्याला साधेल, याची त्याला खात्री वाटत नाही. म्हणजे आश्चर्य वाटणाऱ्यांच्या यादीत देव आहेत आणि खुद्द शिल्पी आहे. आमच्या गाडीतले कोणी नाही. पार्किंगचे दर ऐकून मात्र सगळे थक्क झाले.

चौथी तक्रार रंगसंगतीची. वहिनींचे म्हणणे पडले की सगळे कसे काळेकाळे दिसते, फोटो उठत नाहीत. आपण हे देऊळ पांढऱ्या गिलाव्याने झाकले होते, वर चित्रे काढवली होती आणि म्हणूनच याला रंगमहाल म्हणत, हे मी त्यांना सांगितले. चित्रांचे अवशेष छतावर आजही दिसतात. परंतु छत बघायचे तर मान वर करावी लागते आणि आमच्या मंडळींच्या माना दिवसभर खाली मोबाईलकडे असतात. छतावरची चित्रे फरशीवर काढली असती तर सोयीचे झाले असते.

रावण कैलास पर्वत हलवतो ते भव्य शिल्प तर आमच्या गटाने निव्वळ पडदा म्हणून वापरले. एकामागून एक सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले. पर्वत हादरत होता, शिव शांत बसून पायाने तो दाबत होता आणि पुढे वहिनी दोन बोटे उंचावून हसत होत्या. दहा तोंडे आणि वीस हात असूनही रावण एकाही फोटोत नीट आलेला नाही.

शिस्तभंगाचे एक प्रकरण मात्र इथेच घडले, ते नोंदवतो. आमच्या एका मावशींचे गुडघे दुखतात. त्यांना चढउतार झेपेना, म्हणून आम्ही त्यांना त्या शिल्पासमोरच्या पायरीवर बसवले आणि पुढे गेलो. परत आलो तर त्या उठायला तयार होईनात. म्हणाल्या, पर्वत हलल्याबरोबर पार्वतीने शिवाचा दंड कसा घट्ट धरलाय बघा. आणि मागे ती दासी बघा, घाबरून पळत सुटलीय. शिवाला मात्र काहीच झालेले नाही. हे सगळे दाखवण्यात त्यांनी गाडीचा खोळंबा केला. समितीच्या बैठकीत त्यांना समज देण्यात आली आहे.

पाचवी तक्रार शेजाऱ्यांबद्दल. एकाच डोंगरात १ ते १२ बौद्ध लेणी, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन, हा प्रकार आमच्या मंडळींना पेलवला नाही. सहाव्या शतकापासून पुढची चारेकशे वर्षे तीन धर्मांचे लोक एकाच कातळात शेजारीशेजारी खोदत होते, हे आजच्या माणसाला कसे पटावे? आमच्या सोसायटीत एका व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन तट पडून वर्ष झाले नाही. त्यातून आपला क्रमांक सोळा. सोळा झाले म्हणजे एक ते पंधरा झालेच, असा हिशेब काकांनी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. त्यामुळे दहाव्या लेण्यातले दगडी छत राहिले. लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेली आहे, म्हणून लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. उत्तरेच्या टोकाची इंद्रसभा तर फार लांब पडते, असे बसल्या जागी ठरले.

तुलनेसाठी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घृष्णेश्वराबद्दल मंडळींची काहीच तक्रार नाही. मालोजीराजे भोसल्यांनी दुरुस्त केलेले आणि पुढे होळकरांनी उभारलेले ते लाल दगडाचे देऊळ सगळ्यांनी नीट पाहिले. खांबांवरचे कोरीवकाम पाहिले, नंदी पाहिला. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा उतरवावा लागतो, ते जावईबापूंनीही मुकाट्याने केले. कारण एवढेच की मोबाईल बाहेर जमा करून घेतले होते. हातात काही नसल्यामुळे डोळ्यांना काम मिळाले. खुलदाबादचे तसे झाले नाही. एवढे साम्राज्य सांभाळलेल्या औरंगजेबाची आकाशाखालची साधी कबर आणि त्याच गावात मलिक अंबरचा मकबरा, दोन्ही अंगावरून गेले. इतिहासावरचा वाद गाडीत दौलताबादपासूनच पेटला होता आणि तो इतका रंगला की खिडकीबाहेर इतिहास गेला हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

तरी समितीच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. लेण्याची एक छोटी प्रतिकृती वाहनतळावरच उभारावी, म्हणजे आत जाण्याची दगदग वाचेल. चौतीस लेण्यांतले उत्तम तेवढे निवडून एकच लेणे करावे. रावणाने पर्वत हलवणे क्षणभर थांबवून कॅमेऱ्याकडे बघावे. आणि अंगणातल्या पायऱ्यांवर बसायला बंदी करावी, कारण बसलेली माणसे बघायला लागतात आणि वेळापत्रक बिघडते.

चिटणीस म्हणून माझे म्हणणे इथे संपले. खाली दोन ओळी माझ्या स्वतःच्या, त्या समितीला दाखवलेल्या नाहीत. महाराज, आपल्या देवळात काहीही कमी नाही. कमी आहे तो आमच्याकडचा वेळ, आणि तोही आम्ही शालींना देऊन मोकळे होतो. वेरूळला यायचे तर पूर्ण दिवस यावे, सोबत एकच माणूस आणावे आणि ते गुडघे दुखणारे असावे.

आपला नम्र,
चिटणीस, सहल समिती

ता. क. : राहिलेली लेणी उरकून टाकण्यासाठी मंडळी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा येणार आहेत. गाडी सवलतीत मिळते म्हणून मंगळवार ठरला आहे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.