धुण्याचा बंदोबस्त

मुंबईच्या चाळीत शेजाऱ्याशी हातभर दोरीवरून वाद घालीत ज्याची उभी नोकरी सरली, असा चाकरमानी पेन्शनीत निघून विजयदुर्गास वडिलार्जित जागेवर नवे घर बांधावयास घेतो, तेव्हा देवघर कोठे आणि माजघर केवढे या किरकोळ बाबी तो गवंड्याच्या मर्जीवर सोपवितो. धुण्याचा मामला मात्र खुद्द आपल्या अखत्यारीत ठेवतो.

त्याचा नकाशा प्रेक्षणीय असतो. बावीच्या काठी धुण्याचा दगड, दगडालगत काळ्या पाषाणाची डोण, डोणीचे सांडपाणी पाटाने माडांच्या आळ्यांत, आणि तेथून खळ्यापर्यंत फरसबंद वाट. कारण येथल्या तांबड्या मातीत पडलेले धोतर पूर्ववत शुभ्र करणे अद्यापि कोणास साधलेले नाही. वलणी तिहेरी हव्यात हा त्याचा हट्ट, व त्यास आधार समोरच्या किल्ल्याच्या तिहेरी तटाचा! पहिली वलणी सोवळ्याची, दुसरी नित्याची, तिसरी चतुर्थीला मुंबईहून लोटणाऱ्या गोतावळ्याची. वैशाखात खळ्यावर हक्क सांगणाऱ्या आमसुलांशी आणि आंबापोळीशी करावयाच्या तहाची कलमेही मसुद्यात असतात. वलणी प्रथम समुद्राच्या अंगास योजिल्या होत्या. परंतु खाऱ्या वाऱ्याने कापडावर मीठ बसते, मीठ हवेतली ओल ओढते, सबब दुपारी खडखडीत वाळलेला सदरा रात्री पुनश्च दमटतो, हे ध्यानी येताच त्या घराच्या पूर्वेस हलविण्याचा हुकूम सुटला.

पुढे सूर्याची चौकशी सुरू होते. १८९८ च्या जानेवारीत खग्रास ग्रहण पाहावयास नॉर्मन लॉकियर हा इंग्रज ज्योतिर्विद दुर्बिणी घेऊन याच किल्ल्यावर उतरला होता. त्याचे काम दोनेक मिनिटांच्या ग्रहणात आटोपले. आमचा गृहस्थ जोत्यावर काठी रोवून कोणत्या प्रहरी कोणत्या वलणीवर किती ऊन पडते याची नोंद माघापासून वैशाखापर्यंत ठेवतो, आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत येथे जे ग्रहण लागते त्याचा रकाना तेवढा कोरा सोडतो.

एवढ्या दस्तऐवजावर जी प्रत्यक्ष धुणे धुते तिची संमती कोठेच नसते. नकाशा कायम होण्याच्या आदल्या सायंकाळी ती तांदूळ निवडता निवडता विचारते, “अहो, ह्या सगळा खरा, पण पावसात कपडे वाळतले खंय?” दरबार तत्काळ बरखास्त होतो. दुसऱ्या दिवशी ती गवंड्यास परस्पर बोलावून मागली पडवी वाढवून घेते आणि चुलीच्या भिंतीलगत वाशांना बांबूची लांब दांडी टांगविते. तेथे कपडे वाळतात, धुराचा वास लागतो हे खरे, पण वाळतात. तिहेरी वलणींवर चार महिने पावसाचे थेंब तेवढे ओळीने बसतात, आणि त्या उभारण्यास लागलेल्या खर्चाचा विषय त्या घरात कोणी काढीत नाही.

चतुर्थीस अशा घरी मुक्कामाला जाणाऱ्याने कपड्यांचा एक जोड जादा न्यावा. नकाशा यजमानांकडून अवश्य समजावून घ्यावा, पण ओले पंचे कोठे टाकावेत हे मात्र यजमानीणबाईंनाच विचारावे.